डोलती धावपट्टी



आज आपल्याशी बोलायचे आहे ते समुद्रावरच्या वैमानिकांविषयी. जमिनीवरून उडून जमिनीवर उतरणारे वैमानिक आपल्याला ऐकून माहीत असतात. पण जहाजाच्या पाठीवरून उडायचे, शत्रूच्या मुलखावर जाऊन यायचे, आणि परत त्याच जहाजाच्या पाठीवर उतरायचे, हा धंदा निराळाच. त्यातही जेट विमाने नवी नवी आली, त्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतल्या वैमानिकांनी जे सांगून ठेवले आहे ते ऐकण्यासारखे आहे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या गावापासून समुद्र दोनशे कोस. विमान म्हणजे आभाळात पांढरी रेघ ओढून जाते तेवढीच आमची ओळख. आम्ही हे ऐकून करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतःही वैमानिक नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. पण नवे यंत्र दारात आले म्हणजे माणसाचे काय होते हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. मोटेच्या जागी विहिरीवर इंजिन आले तेव्हा काही दिवस इंजिनाने माणसाला नाचवले, मग माणसाने इंजिनाला. या वैमानिकांची गोष्टही त्याच जातीची आहे. फरक एवढाच, की इथे चुकीला दुसरी पाळी मिळत नसे. शिवाय ही गोष्ट हिंडत हिंडत अखेर आपल्याच दाराशी येते, मुंबईच्या बंदरात आणि गोव्याच्या दाबोळीला.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. विमानवाहू जहाज म्हणजे वरून सपाट असलेले भले मोठे जहाज. आपले जुने 'विक्रांत' घ्या. लांबी सुमारे २१० मीटर. खेडेगावातल्या शाळेची पटांगणे एकापुढे एक मांडली तर होईल एवढी. विमानाला हे काहीच नव्हे. जमिनीवरच्या धावपट्ट्या दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर लांब असतात. आणि जमीन हलत तरी नाही! जहाज पुढे चाललेले असते, नाक वर-खाली करत असते, कुशीवर झुकत असते. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला ते काड्याच्या पेटीएवढे दिसते, असे बहुतेक सगळेच सांगतात. विमान उतरते तेव्हा त्याच्या शेपटीखाली एक लोखंडी आकडा लोंबत असतो, आणि डेकवर आडवे जाड तारांचे दोर ताणलेले असतात. आकडा एखाद्या दोरात अडकला, की दोर थोडा सैल होत होत विमानाला आवरून धरतो. उधळलेला खोंड दावणीने आवरावा तसे. नाही अडकला तर पुढे काय, ते मी थोड्या वेळाने सांगतो. ते महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात हे सगळे पंख्याच्या विमानांनी चाले. पंख्याच्या विमानाचा एक मोठा गुण असतो. वैमानिकाने हात पुढे सारला की इंजिन तत्काळ जोर धरते, पंख्याचा वारा पंखांवर आदळतो आणि विमान उचलले जाते. जेटचे तसे नव्हते. पहिल्या जेट इंजिनांना आपल्या घरच्या दगडी जात्याची उपमा चांगली शोभते. जाते एकदा गतीत आले म्हणजे गरगर फिरते. पण थांबत आलेले जाते पुन्हा गतीत आणायला काही फेरे जावेच लागतात. जहाज समोर आलेले, उंची शंभर हात, आणि वैमानिकाला वाटले की आपण खाली बसतो आहोत, तर जोर मागितल्यावर तो यायला काही सेकंद लागत. तेवढ्या सेकंदांत विमान समुद्रात तरी जाई, नाहीतर जहाजाच्या पाठीमागच्या कडेवर आदळे.

शिवाय तहान! जेट इंजिन आपल्या रॉकेलच्या जातीचेच तेल पिते, आणि खाली, समुद्रसपाटीजवळ उडताना तर घटाघटा पिते. पंख्याचे विमान जहाजाभोवती घिरट्या घालत वाट पाहू शके. जेटवाल्याला दीड-दोन तासांत परतावेच लागे. परतल्यावर डेक मोकळा नसला तर त्याची नजर सगळी तेलाच्या काट्यावर.

मग चांगले काही नव्हतेच का? होते, आणि तेही या लोकांनी मनापासून सांगितले आहे. पंख्याच्या विमानात वैमानिकापुढे लांबच लांब इंजिन असे. उतरताना नेमके जहाजच त्याच्या आड जाई. जेटमध्ये वैमानिक अगदी नाकाशी बसतो. डेक सगळा समोर, ताटासारखा. हादरे नाहीत, कानठळ्या नाहीत. धडधडत्या ट्रकमधून उतरून आगगाडीच्या पहिल्या वर्गात बसावे तसे वाटे. अनेकांच्या आठवणीत ही शांतता राहून गेली आहे. आणि तीच शांतता फसवीही होती, कारण विमान किती वेगात चालले आहे हे कानाला कळेनासे झाले.

या गोष्टीचा आरंभ ३ डिसेंबर १९४५ रोजी झाला. महायुद्ध संपून चार महिनेही झाले नव्हते. ब्रिटिश नौदलातला एरिक ब्राउन नावाचा सव्वीस वर्षांचा वैमानिक 'व्हॅम्पायर' हे जेट घेऊन 'ओशन' या जहाजाकडे निघाला. हवा चांगली नव्हती, जहाज डोलत होते. ब्राउन आला आणि उतरला. खऱ्या अर्थाने जेट विमान असे त्यापूर्वी जहाजावर कोणी उतरवलेले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात, २१ जुलै १९४६ ला, अमेरिकेच्या जेम्स डेव्हिडसनने 'फ्रँकलिन डी. रूझवेल्ट' या जहाजावर त्यांचे पहिले जेट उतरवले.

हा ब्राउन बुटका होता. मित्र त्याला 'विंकल' म्हणत, म्हणजे समुद्रकाठचा लहानसा शंख. या शंखाने आयुष्यात ४८७ प्रकारची विमाने उडवली आणि २,४०७ वेळा जहाजावर उतरला. हे दोन्ही आकडे आजवर कोणी ओलांडलेले नाहीत. तो २०१६ साली, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन, अंथरुणावर वारला. त्याच्या धंद्यातल्या माणसाने सत्त्याण्णव वर्षे गाठावीत हेच मला त्या आकड्यांहून मोठे वाटते. त्याच्या बोलण्यात आणि लिहिण्यात एक गोष्ट सारखी येते. उडण्यापूर्वी तो विमानाची तयारी विद्यार्थ्याने परीक्षेची करावी तशी करी. कागदावर सगळे मांडून, काय बिघडू शकते ते आधीच मनात फिरवून. लोक त्याला धाडसी म्हणत, आणि तो आपल्या जगण्याचे श्रेय तयारीला देई.

याच ब्राउनच्या हातून आणखी एक प्रयोग झाला, त्याची गंमत सांगतो. जेट विमानाला पंखा नाही. मग जमिनीला पंखा लागू नये म्हणून लांब पाय हवेत कशाला? आणि पाय नकोत तर चाके तरी कशाला? चाके काढली तर वजन वाचेल, तेवढे तेल जास्त भरता येईल. हिशेब बिनतोड. म्हणून रबराची एक प्रचंड गादी तयार केली, आत हवा भरलेली, आणि ठरवले की विमानाने सरळ पोटावर उतरायचे. २९ डिसेंबर १९४७ ला फार्नबरो येथे जमिनीवर अंथरलेल्या गादीवर पहिला प्रयत्न झाला, तेव्हा विमान मोडले, ब्राउन वाचला. तो परत बसला आणि पुढल्या वर्षी 'वॉरियर' जहाजावर त्याने ते करूनही दाखवले. म्हणजे प्रयोग यशस्वी. पण मग प्रश्न आला : पोटावर बसलेले हे विमान आता हलवायचे कसे? चाके काढलेली बैलगाडी ती, ढकलायला जावे तर जागची हलत नाही. क्रेनने उचला, गाड्यावर ठेवा, तोवर मागचे विमान तेल संपवत वर घिरट्या घालते आहे. गादी गुंडाळून ठेवण्यात आली. सुशिक्षित माणसांच्या सभेत असे निर्णय कसे होतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता 'आकडा नाही अडकला तर' याकडे येऊ.

त्या काळी विमानवाहू जहाजाचा डेक सरळ असे. मागून विमान येई. आणि पुढच्या अर्ध्या भागात आधी उतरलेली विमाने, तेलाने भरलेली, बाँब लावलेली, दाटीवाटीने उभी असत. त्यांच्या भोवती माणसे काम करत. मध्ये तारांचे अडसर असत, जाळीसारखे. डेकच्या कडेला एक अधिकारी दोन्ही हातांत रंगीत फळकुटे घेऊन उभा राही आणि खुणा करी : डावीकडे ये, वर घे, वेग कमी कर. ब्रिटिश नौदलात त्याला चक्क 'बॅट्समन' म्हणत. मौज अशी, की ब्रिटिशांच्या आणि अमेरिकनांच्या काही खुणा नेमक्या उलट होत्या. हात वर केले तर एकाच्या भाषेत 'वर जा', दुसऱ्याच्या भाषेत 'तू फार वर आहेस'. एकमेकांच्या जहाजावर उतरायची वेळ आली तर काय होईल, विचार करा! १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी अमेरिकनांची रीत उचलली आणि घोटाळा मिटला.

बॅट्समनने शेवटची खूण केली की वैमानिकाने इंजिनाचा जोर तोडायचा. बस, निर्णय झाला. त्यानंतर दोर मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर अडसर. अडसरावरून उसळी घेतली तर समोर आपलीच विमाने आणि आपलीच माणसे. जेट जड, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुन्हा वर उडावे म्हटले तर ते जात्यासारखे इंजिन.

१६ सप्टेंबर १९५१ ला हेच झाले. कोरियाचे युद्ध चालू होते. अमेरिकेच्या 'एसेक्स' जहाजावर लढाईत इजा झालेले एक 'बँशी' जेट उतरताना पुढे उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळले. स्फोट झाला, आग लागली, सात माणसे गेली. विमानांतले तेल डेकवर पसरून जळत होते. जी माणसे गेली ती शत्रूच्या गोळीने गेली नाहीत. त्यांचे जहाज त्या वेळी उतरत्या विमानांची वाट पाहत समुद्रात शांतपणे चालले होते.

याच एसेक्सवर तेव्हा एकवीस वर्षांचा एक मुलगा वैमानिक होता. त्याचे नाव पुढे सगळ्या जगाच्या, आपल्या शाळांतल्या पोरांच्याही तोंडी झाले. नील आर्मस्ट्राँग. चंद्रावर पहिले पाऊल टाकणारा. तो 'पँथर' नावाचे नौदलाचे जेट उडवी. कोरियाच्या युद्धात नौदलाची जेट विमाने प्रथमच लढाईत उतरली होती. ३ जुलै १९५० ला 'व्हॅली फोर्ज' जहाजावरून पँथर उडाले ते पहिले. आर्मस्ट्राँगने कोरियावर ७८ फेऱ्या केल्या. ३ सप्टेंबर १९५१ रोजी, म्हणजे त्या आगीच्या तेरा दिवस आधी, तो एका खोऱ्यात अगदी खालून बाँब टाकत चालला असताना खोऱ्यावर आडव्या ताणलेल्या तारेने त्याच्या उजव्या पंखाचे टोक, पुरुषभर लांबीचे, कापून नेले. विमान कसेबसे हातात राहिले. पण अशा पंखाने हळू उडता येत नाही, आणि हळू उडता येत नाही म्हणजे उतरता येत नाही. त्याने विमान आपल्या फौजेच्या मुलखापर्यंत आणले आणि खुर्चीसकट बाहेर झेप घेतली. पाण्यात पडायचा बेत होता, वाऱ्याने जमिनीवर आणून टाकले. त्याला न्यायला जी जीप आली ती चालवत होता त्याचा शिकाऊ दिवसांतला खोलीतला सोबती!

पण आर्मस्ट्राँगची मला अधिक लक्षात राहिलेली आठवण वेगळी आहे. ती त्याने कित्येक वर्षे सांगितलीच नाही, उतारवयात सांगितली. एका पहाटेच्या फेरीत डोंगराची एक धार ओलांडताच खाली त्याला उत्तर कोरियाच्या सैनिकांच्या रांगा दिसल्या. हाती शस्त्रे नाहीत. बराकीबाहेर सकाळची कवायत चालली होती. बंदुकांचा घोडा त्याच्या बोटाखाली होता. त्याने बोट काढून घेतले आणि विमान पुढे नेले. त्याचे म्हणणे असे, की बिचाऱ्यांचे आधीच हाल दिसत होते. शाळेत रोज सकाळी कवायत घेणाऱ्या शिक्षकांना ते दृश्य वेगळे सांगायला नको. तो बरोबर वागला की चूक, यावर लष्करी माणसे वाद घालतील. मी घालणार नाही. मला एवढेच दिसते, की जेटच्या वेगात माणूस खालच्या माणसाला एक क्षणच पाहतो, आणि त्या एका क्षणात एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला हे सुचले.

कोरियाच्या हिवाळ्याविषयीही हे वैमानिक फार सांगतात. डेकवर बर्फ, आणि समुद्र एवढा थंड की पडलेला माणूस थोड्या मिनिटांतच गारठून जावा. त्यासाठी अंगात रबरी पोशाख घालून बसायचे. तो घालायला दुसऱ्याची मदत लागे, आणि आत बसल्यावर माणूस घामाने भिजे. गारठ्याने मरण्याच्या भीतीने उकडत बसायचे, अशी ती तऱ्हा.

असो. हा पेच सुटला कसा? तर वैमानिक अधिक शूर करून नव्हे. शूर ते होतेच. तीन साध्या कल्पनांनी सुटला, आणि तिन्ही ब्रिटिश नौदलाच्या लोकांना सुचल्या.

पहिली, तिरका डेक. डेनिस कँबेल नावाच्या कप्तानाला १९५१ मध्ये, ज्या वर्षी एसेक्सवर आग लागली त्याच वर्षी, हे सुचले : विमान उतरण्याचा पट्टा जहाजाच्या रेघेला थोडा तिरका आखा. म्हणजे दोर हुकला तर समोर उभी विमाने नाहीत, मोकळा समुद्र आहे. वैमानिकाने इंजिनाचा जोर तोडायचा नाही. उलट डेकला चाके लागताच पूर्ण जोर द्यायचा. दोर मिळाला तर दोर आवरील. न मिळाला तर सरळ उडून जा, वळसा घाला, पुन्हा या. एवढेच! प्रथम तर नुसत्या रंगाने डेकवर तिरक्या रेघा मारून पाहिले. मग १९५२ च्या अखेरीस अमेरिकेच्या 'अँटीटम' जहाजाला खरा तिरका डेक बांधला. ज्यांनी आधी सरळ डेकवर विमाने उतरवली होती त्यांच्या बोलण्यात या बदलाविषयी जो सुटकेचा नि:श्वास आहे, तो पुस्तकी वर्णनात सापडत नाही. चुकायला परवानगी मिळाली हो! शिक्षक मंडळींना याचे मोल अधिक कळेल. पाटीवर लिहिलेले पुसता येते हे कळले की पोराचा हात मोकळा होतो.

दुसरी कल्पना आरशाची. बॅट्समनच्या खुणा पाहून मग हालचाल करायला जेटच्या वेगात वेळच उरत नव्हता. निकोलस गुडहार्ट या अधिकाऱ्याने ठरवले की खूण करणारा माणूसच काढून टाकू. त्याने हे कसे पटवून दिले त्याची गोष्ट सांगतात ती अशी : कचेरीतल्या लेखनिक बाईंच्या पर्समधला छोटा आरसा आणि ओठांना लावायचा रंग त्याने मागून घेतला, आरशावर रंगाने एक आडवी रेघ ओढली, आरसा टेबलावर ठेवला, समोर एक विजेरी लावली, आणि बाईंना सांगितले की विजेरीचा ठिपका रेघेवर राहील अशा बेताने आरशाकडे चालत या. बाई चालत गेल्या, वाकत वाकत, आणि त्यांची हनुवटी टेबलाला लागली ती बरोबर ठरल्या जागी. जहाजावर हाच आरसा मोठा झाला, रेघेच्या जागी हिरव्या दिव्यांची ओळ आली. वैमानिकाने दिव्याचा ठिपका ओळीत ठेवायचा. ठिपका वर गेला तर आपण वर, खाली गेला तर आपण खाली. शिक्षकांना वर्गात हे एका आरशाने आणि मेणबत्तीने करून दाखवता येईल. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा पोरे विसरणार नाहीत.

तिसरी कल्पना वाफेची. जहाजावरून उडताना विमानाला पळायला जागा नसते, म्हणून त्याला फेकावे लागते. आपली गोफण जशी. आधीच्या गोफणी तेलाच्या दाबावर चालत. जड जेटना त्या पुऱ्या पडेनात, आणि धोक्याच्याही होत्या. २६ मे १९५४ ला अमेरिकेच्या 'बेनिंग्टन' जहाजावर अशा गोफणीच्या तेलाचा भडका उडून १०३ माणसे मेली. कॉलिन मिचेल यांनी त्याआधीच जहाजाच्या बॉयलरमधलीच वाफ वापरून विमान फेकण्याची युक्ती सिद्ध केली होती. बेनिंग्टननंतर तिच्याविषयी कोणी फारसा वाद घातला नाही.

आता आपल्या घरी येऊ. स्वतंत्र भारताने ब्रिटनकडून 'हर्क्युलीस' नावाचे अपुरे राहिलेले जहाज विकत घेतले आणि बेलफास्टला ते पुरे करून घेतले. तिरका डेक, आरसा, वाफेची गोफण, तिन्ही त्यावर होते. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ते 'विक्रांत' झाले. त्यावरची जेट विमाने होती 'सी हॉक'. त्यांची पलटण, पांढऱ्या वाघाच्या चिन्हाची, ३०० क्रमांकाची, १९६० च्या जुलैत ब्रिटनमध्ये ब्रॉडी येथे उभी राहिली. १८ मे १९६१ ला लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी विक्रांतवर पहिले जेट उतरवले. हेच ताहिलियानी पुढे १९८४ ते १९८७ या काळात नौदलाचे प्रमुख होते. ३ नोव्हेंबर १९६१ ला जहाज मुंबईला आले, तेव्हा पंडित नेहरू त्याचे स्वागत करायला हजर होते.

सी हॉकची एक गोष्ट ध्यानात घ्या. ते एकाच माणसाचे विमान. मागे शिकवणारा बसायला जागाच नाही. सायकल शिकताना मागून कोणीतरी धरतो, पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात. इथे पहिल्या उड्डाणालाही माणूस एकटा, आणि डोलत्या जहाजावरच्या पहिल्या उतरण्यालाही एकटा. त्याआधी जमिनीवरच्या धावपट्टीवर जहाजाच्या डेकची आकृती रंगवून तीवर पुनःपुन्हा उतरायचे, आरशातला ठिपका सांभाळायचे, वहीत गुण मिळवायचे. १९६४ पासून नौदलाचा हा वैमानिकी तळ, 'हंसा', गोव्यात दाबोळीला आहे.

गोफणीचा अनुभव हे लोक हसत हसत सांगतात. विमान दोरखंडाने गोफणीला जोडलेले, इंजिन पूर्ण जोरात, डोके मागच्या उशीला टेकवलेले, कोपर पोटाशी घट्ट. नाहीतर धक्क्याने हात मागे येऊन सुकाणूच ओढले जायचे. मग सलाम. सलाम म्हणजे 'मी तयार आहे'. दोन-अडीच सेकंदांत उभे असलेले विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात समुद्रावर असते, आणि त्या दोन-अडीच सेकंदांत वैमानिकाच्या हाती काही नसते.

१९७१ च्या डिसेंबरात या विमानांची कसोटी लागली. ब्रिटनच्या आघाडीच्या पलटणींतून सी हॉक अकरा वर्षांपूर्वीच निघून गेले होते. आपण मात्र तेच घेऊन लढाईला चाललो होतो. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला भेग गेलेली, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. आणि जहाज जितक्या वेगाने वाऱ्याच्या तोंडावर जाईल तितके विमानाला उडणे सोपे. वेग कमी, बंगालच्या उपसागरात हिवाळ्याचा वाराही मंद. म्हणजे हवेचा आधार कमी. तरी ४ डिसेंबरला सी हॉक उडाले, कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर आणि विमानतळांवर गेले, आणि दिवसामागून दिवस जात राहिले. पलटणीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांच्या विमानाला विमानविरोधी तोफांचा मार लागला. तसल्या विमानाने ते डेकवर परत उतरले. त्यांना महावीरचक्र मिळाले, तसेच विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश यांनाही. त्या लढाईत शत्रूच्या माऱ्याने एकही सी हॉक गमावले नाही. त्यात वैमानिकांइतकाच, गोळ्यांची भोके रात्रीतून पत्रे ठोकून बुजवणाऱ्या कामगार-खलाशांचा वाटा होता. त्यांच्या आठवणी मात्र कोणी फारशा विचारल्या नाहीत. हे आपल्याकडे नेहमीचेच.

सी हॉक १९८३ मध्ये निवृत्त झाले. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी. काही वर्षे ते मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते, शाळांच्या सहली जात. मग राखायचा खर्च कोणी करायचा यावर घोळ झाला, आणि २०१४ मध्ये ते मोडीत निघाले. मला हे पटलेले नाही. ज्या शहरात इतका पैसा आहे त्या शहराला एक जहाज सांभाळता येऊ नये, याचे उत्तर मला कोणी अजून दिलेले नाही. त्याच्या लोखंडातून २०१६ मध्ये एका कंपनीने मोटारसायकली काढल्या. आपल्या गावात एखाद्याकडे बजाजची 'व्ही' असेल, तर तिच्या टाकीत विक्रांतचा अंश आहे म्हणायला हरकत नाही.

नवे विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झाले. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यावर आपल्या देशात बनलेले 'तेजस' जातीचे जेट प्रथम उतरले. त्यावर वाफेची गोफण नाही. पुढचा डेक उतारासारखा वर उचललेला आहे, त्यावरून विमान उसळी घेते. पण डेक तिरका आहे, दोर आहेत, आणि विमानाच्या शेपटीखाली आकडाही आहे.

शिक्षकांनी गोव्याला सहल नेली तर समुद्रकिनारा आणि देवळे दाखवून झाल्यावर दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान-संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेले, तिथे अवश्य थांबावे. उघड्या आवारात जुनी विमाने ठेवली आहेत, त्यांत सी हॉक आहे. मुलांना आधी त्याची बैठक दाखवा, एका माणसाची, किती अरुंद आहे ती. मग मागे जाऊन वाकून बघायला सांगा, आकडा कुठे असतो तो.